सारवलेली जागा

मडकी भाजायचा आवा लावायला कोर्टाने मनाई केली, त्याला त्या सोमवारी चोवीस दिवस झाले होते आणि घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. कच्ची मडकी पडवीत होती, खाटेखाली होती, पाण्याच्या पिंपाला टेकून होती. भाजल्याशिवाय ती विकता येत नव्हती आणि भाजायला जागा नव्हती. झोपताना सगळ्यांना पाय पोटाशी घ्यावे लागत, कारण झोपेत लाथ बसली तर दोन दिवसांचं काम परत माती व्हायचं. माठ विकायचे ते उन्हाच्या दोन महिन्यांत. त्यातला एक असाच चालला होता.

घराची कर्ती टिचकीबाई. हे नाव लोकांनी पाडलेलं. कुठलीही वस्तू घेताना-देताना तिला टिचकी मारून आवाज ऐकल्याशिवाय चैन पडत नसे. मडकं तर ठोकायचीच, पण दाराची फळी, पत्रा, कलिंगड, आणि एकदा सुनेच्या माहेरून आलेला स्टीलचा डबासुद्धा तिने सगळ्यांदेखत वाजवून बघितला होता. माणसांना टिचकी मारता येत नाही हेच वहिनींचं दुःख, असं तिचा दीर म्हणायचा. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा चाकावर बसायचा, सून माती मळायची आणि घडलेलं मडकं थापीने थापटून वाढवायचं काम तिचं स्वतःचं होतं.

भांडण होतं ते रस्त्याला लागून असलेल्या अर्ध्या एकराचं. सासऱ्याच्याही आधीपासून आवा तिथे लागत आला होता. कागदावर मालक कोणी वेगळाच होता. तो दोन पिढ्यांमागे शहरात गेला आणि पुन्हा फिरकला नाही. गेल्या वर्षी त्याच्या नातवंडांनी तो तुकडा वीटवाल्याला विकला. वीटवाल्याची भट्टी ओढ्यापलीकडे. त्याला ट्रक उभे करायला रस्त्याकडची जागा हवी होती. त्याचं कोर्टात म्हणणं एका ओळीचं होतं: जमीन पडीक आहे, कुंभार आत्ताआत्ता घुसले आहेत.

"तुमच्याकडे कागद नाही," तिचा वकील म्हणाला होता. "कब्जा आहे. तो कोर्टाला दिसला पाहिजे."

"दिसेल की. आम्ही काय लपून बसलोय?"

"तसं नव्हे मावशी, म्हणजे असं बघा..." एवढ्यात आतून पुकारा झाला आणि वकील कोट सावरत पळाला. पुढचं बोलणं राहिलं ते राहिलंच.

आता कोर्टाने जागा बघायला कमिशनर नेमला होता. शुक्रवारी अकरा वाजता येणार. तोवर दोन्ही बाजूंनी जागेवर नवीन काही करायचं नाही, असा हुकूम होता. आवा लावणं म्हणजे नवीन काही, एवढं त्यांनी त्यातून घेतलं होतं.

सोमवारी दुपारी वीटवाला स्वतः मोटारसायकलवरून आला. खाली उतरला नाही. एक पाय जमिनीला टेकवून म्हणाला, "मावशी, शुक्रवारी कोर्टाची माणसं येणार. हा एवढा ढिगारा. बरं दिसतं का? ट्रॅक्टर पाठवतो, दोन खेपांत साफ होईल."

"एवढी माया कशापायी?"

"शेजारी आहोत."

"शेजारी कोर्टात ओढत नाहीत."

"कोर्टाचं कोर्टात. इथे आपण माणसं आहोत."

तिने त्याच्याकडे बघितलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हसताना फक्त खालचा ओठ हलायचा. त्याचा ट्रॅक्टर या जमिनीवर उभा राहिला, कोणी मोबाईलवर फोटो काढला, की झाला त्याचा कब्जा. एवढं न कळायला ती काही काल जन्मली नव्हती.

"तुमचा ट्रॅक्टर तुमच्या दारात शोभतो," ती म्हणाली. "आमच्या हातांना अजून लकवा नाही भरलेला."

"मर्जी तुमची," असं म्हणून तो हसतच गेला. तो हसला हे तिला रात्रभर खटकत राहिलं, पण का ते सापडलं नाही.

त्याच्या बोलण्याने एक मात्र झालं. दुसऱ्या सकाळी तिला ढीग परक्याच्या नजरेने दिसला. छातीएवढा उंच. तडकलेली मडकी, फुटकी झाकणं, राख, अर्धवट जळालेलं भुसकट. वर एक कुत्री पिलं घेऊन पडलेली. शेजारी आव्याचा काळा खड्डा, कडेला पावसात वाहून आलेली काजळी. चांगल्या घरातलं माणूस हे बघून नाकाला पदर लावेल. तिला शरम वाटली.

"आपलं घर आपण झाडतो," ती मुलाला म्हणाली. "दुसऱ्याचं कोण झाडायला जातं? मग कोण झाडतं तेच बघू दे त्या कमिशनरला. खड्डा बुजवायचा, ढीग ओघळीत टाकायचा, वरून सारवायचं."

"तीन दिवसांत?"

"चोवीस दिवस बसून काय केलंस?"

भट्टीवर जाता जाता दीर आला. तो वीटवाल्याच्या भट्टीवर मजुरांची हजेरी लिहायचा. घरात लिहिता-वाचता येणारा तेवढा एकच. चाकावर त्याचा हात कधी बसला नाही, म्हणून बापाने त्याला शाळेत घातलं होतं. त्याने टोपली रचलेली बघितली, फावडं बघितलं आणि चपला न काढता उंबऱ्यावर टेकला.

"वहिनी, ढीग राहू द्या."

"का हो भाऊजी?"

"राहू द्या. आहे तसं असू दे."

"का ते सांगा ना."

त्याला सांगता येईना. तो मान खाजवत राहिला. समजावून बोलणं त्याला कधीच जमलं नव्हतं. त्याचं सगळं बोलणं वहीत, तेही हजर की गैरहजर एवढंच.

"कोर्टाच्या कामात... घाई करू नये," तो शेवटी म्हणाला.

"हा मालकाचा निरोप की तुमचा?"

"वहिनी!"

"मालकाच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलात गेल्या महिन्यात. सगळ्या वस्तीने बघितलं."

"दवाखान्यात गेलो होतो. पायावर वीट पडली होती."

"वीटही त्याची, गाडीही त्याची. आणि आमची जागा घाणेरडी राहावी असं तुम्हाला वाटतंय."

दीर उठला. सुनेने चहा टाकला होता, तोही न घेता गेला. "काका रागावले," सून म्हणाली. "रागावू दे," टिचकीबाई म्हणाली. "खरा असता तर भांडला असता. उठून जातो तो चोर."

मंगळवार, बुधवार आणि गुरुवारची दुपार तिघांनी माना मोडून काम केलं. मुलगा फावड्याने भरायचा, त्या दोघी डोक्यावर चुंबळ ठेवून वाहायच्या. ओघळ दीडशे पावलांवर. खापरांचं टोपलं राखेच्या टोपल्याहून जड, पण राखेचं टोपलं वाईट. वारा आला की डोळ्यांत, नाकात, दातांत राख. थुंकी काळी यायची. घाम कपाळावरून उतरताना राखेचे ओहोळ करायचा आणि ते वाळले की कातडी ओढायची. सूर्य वर चढला की फावड्याचा दांडा हातात धरवत नसे. बुधवारी सुनेच्या टाचेत खापर घुसलं. तिने ते उपसून काढलं, चिंधी बांधली आणि दोन टोपली लंगडत नेली. तिसऱ्या खेपेला सासूने तिच्या डोक्यावरचं टोपलं उतरवून घेतलं.

ढिगाच्या तळाची खापरं काळपट, जाड होती. मुलगा म्हणाला, "आई, ही तर आजोबांच्या वेळची असतील."

"असतील. टाक."

कुत्रीने पिलं तोंडात धरून एकेक करत रस्त्यापलीकडे नेली.

गुरुवारी पाच वाजता त्यांनी खड्डा बुजवून ठोकून सपाट केला, पाणी शिंपडलं आणि पिवळ्या मातीचा हात फिरवला. सूर्य कलताना सारवलेली जागा ओल्या ताटासारखी दिसत होती. रस्त्याने जाणारे थांबून बघत होते.

"क्रिकेट खेळता येईल," मुलगा म्हणाला.

"पाय नको ठेवूस. वाळू दे."

शुक्रवारी कमिशनर बरोबर अकराला आली. ती बाई निघाली. पंचेचाळिशीची वकीलबाई, डोक्याला ओढणी बांधलेली, पायात कापडी बूट, बरोबर टेप आणि फायली सांभाळणारा कारकून. वीटवाला त्याच्या वकिलाला घेऊन आधीच रस्त्याकडच्या झाडाच्या सावलीत उभा होता. त्याच्यामागे दीर, कारण मालकाने त्याला कागदांची पिशवी धरायला आणलं होतं. टिचकीबाईने ते बघून मान फिरवली.

तिचा वकील स्कूटरवरून दहा मिनिटं उशिरा आला. त्याने स्कूटर लावली, जागेकडे बघितलं आणि हेल्मेट काढायचं विसरला.

"हे काय केलंत?"

"साफ केलं. कब्जा दिसायला पाहिजे म्हणालात ना?"

"मावशी." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "राख कुठे आहे? खापरं कुठे आहेत? तो ढीगच तुमचा कागद होता."

तिला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. तीन दिवस ज्या मानेवर वजन वाहिलं ती मान एकदम दुखायला लागली. वीटवाल्याचं हसणं तिला आत्ता समजलं. त्याचा ट्रॅक्टर आला असता तरी चाललं असतं आणि नाही आला तरी. त्याला फक्त ढीग जायला हवा होता.

"इथे आवा लागतो ना?" कमिशनरबाईने विचारलं. "कुठे?"

"इथे," मुलगा मधोमध बोट दाखवून म्हणाला.

"मला तर सपाट जमीन दिसतेय."

"बुजवला."

"कधी?"

कमिशनरबाईने बुटाच्या टोकाने सारवण खरवडलं. खाली ओलसर माती होती. तिने बोटांवर घेऊन चोळली. "हे कालचं आहे."

वीटवाल्याचा वकील पुढे झाला. "तेच तर आमचं म्हणणं आहे मॅडम. जमीन पडीक. काल येऊन सारवून घेतली. कब्जा दाखवायला हा नवा उद्योग. आणि कोर्टाची मनाई असताना."

"खोटं!" टिचकीबाई ओरडली. "तीन दिवस डोकी फुटेस्तोवर राख वाहिलीय आम्ही. ओघळीत जाऊन बघा."

"ओघळीत सगळ्या गावाचा कचरा आहे," वीटवाला शांतपणे म्हणाला.

"खणून बघा मग! इथे खणा, हात-दीड हातावर भाजलेली माती लागेल."

"तीन दिवस हीच माणसं इथे खणत-बुजवत होती," वीटवाल्याचा वकील म्हणाला. "हवं ते पुरलं असेल."

कमिशनरबाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता, आणि टिचकीबाईला तेच सगळ्यांत वाईट वाटत होतं. विकत घेतलेला माणूस निदान ओळखू तरी येतो.

"एक खड्डा खणून बघते," कमिशनरबाई म्हणाली. "दोघांच्या संमतीने. कोण खणणार?"

"मी," मुलगा म्हणाला.

"यांचा मुलगा नको," वीटवाला म्हणाला.

"मग तुमचा मजूरही नको," तिचा वकील म्हणाला.

वीटवाल्याने मागे वळून दिराकडे बघितलं. "याला खणू दे. हा यांचा सख्खा दीर आणि माझ्याकडे पगाराला. याच्याहून मधला माणूस कुठे मिळणार?"

"आणि जागा?" कमिशनरबाईने विचारलं.

"यांनी सांगितली तर तिथे पुरलेलं निघेल," वीटवाला म्हणाला.

"यांनी सांगितली तर तिथे दगडसुद्धा निघणार नाही," तिचा वकील म्हणाला.

"मग खणणाराच ठरवेल." कमिशनरबाई टिचकीबाईकडे वळली. "तुमची हरकत आहे?"

हरकत होती. तिला ओरडून सांगायचं होतं की हा माणूस विकलेला आहे. पण नको म्हटलं तर खाली काहीच नाही असं होणार. तिने 'नाही' अशी मान हलवली.

दिराने कागदांची पिशवी मालकाच्या वकिलाच्या हातात दिली, कुदळ उचलली आणि जागेच्या मध्यावर गेला. अगदी आव्यावर. टिचकीबाई मनात म्हणत होती, तिथेच मार, तिथेच. तो थांबला, खाली बघितलं, आणि चालायला लागला. सरळ रस्त्याच्या कडेला, झाडाजवळ. तिच्या लग्नापासून तिथे गवताशिवाय काही उगवलं नव्हतं, काही भाजलं नव्हतं. वीटवाल्याने हाताची घडी घातली.

"काका, तिथे नाही!" मुलगा ओरडला.

"मध्ये कोणी बोलायचं नाही," कमिशनरबाई म्हणाली.

दिराने शर्ट काढून फांदीला अडकवला. लिहिणाऱ्याचं अंग, पांढरट आणि मऊ. पाचव्या घावाला त्याला धाप लागली. एक हात खाली गेला, पिवळी माती. दीड हात, पिवळीच, फक्त ओलसर. कारकून जांभई देऊन टेप गुंडाळायला लागला. टिचकीबाई खाली बसली. आपल्याच घरातून गेली जागा, तिच्या मनात आलं, आणि मडक्याला लाथ मारावी तशी तिला त्या उघड्या पाठीला लाथ मारावीशी वाटली.

दिराच्या तळहातावरचे फोड फुटले होते. दांडा निसटत होता. तो हाताला माती लावून पुन्हा मारायचा. खड्डा कमरेपर्यंत गेला तेव्हा झाडाचं एक मूळ लागलं, मनगटाएवढं जाड. त्याने ते तोडलं नाही. त्याच्या बाजूने, खालून कोरत गेला. मग कुदळीचा आवाज बदलला. खण्ण असा नाही, खर्र असा.

"मॅडम," तो म्हणाला, "या."

कमिशनरबाई बूट आणि ओढणीसकट खड्ड्यात उतरली. मुळाखाली आधी विटेसारखी लाल माती होती. तिच्याखाली राखेचा काळा थर, वीतभर. आणि थरात खापरं. मूळ त्या राखेतून आणि खापरांतून आरपार गेलेलं होतं. एका फुटक्या काठाला तर त्याने विळखा घातला होता.

कमिशनरबाईने एक काठ वर दिला. टिचकीबाईने तो हातात घेतला, अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हे आमच्या हातचं नाही."

तिच्या वकिलाने डोळे मिटले.

"ऐकलंत मॅडम?" वीटवाल्याचा वकील म्हणाला. "लिहून घ्या."

"माझ्या मुलाचा हात पातळ आहे," ती म्हणाली. "नवऱ्याचा काठ बाहेर वळायचा. सासऱ्याची चार मडकी घरात आहेत, आणून दाखवते, त्यांचा काठ सरळ. हे त्यांच्याही आधीचं. एवढा जाड काठ करायला माती चिकट लागते. तसली माती आता इथे मिळत नाही." ती थांबली. "हे सासऱ्याच्या बापाचं असेल. मी त्यांना बघितलेलं नाही."

"कशावरून कोणी पुरलं नाही?" वीटवाला म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता.

कमिशनरबाईने टेप मुळाभोवती धरला, आकडा कारकुनाला सांगितला आणि मग वर बघून म्हणाली, "मूळ कसं पुरतात?"

ती वर येऊन झाडाखाली खुर्चीवर बसून लिहू लागली. बराच वेळ लिहीत होती. दीर खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसला होता, तळहात वर करून. सुनेने त्याच्या हातांवर पाणी ओतलं. टिचकीबाई दोन पावलांवर उभी राहिली.

"तिथे आवा होता हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"आजोबा दाखवायचे. रस्ता रुंद झाला तेव्हा मध्यावर नेला. दादाला ठाऊक होतं."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

त्याने तळहातावर फुंकर घातली. "सांगितलं असतं तर तुम्ही ते पण खणून, झाडून, सारवून ठेवलं असतं."

सून तोंडाला पदर लावून हसली. टिचकीबाईला हसू आलं नाही. तो खरं बोलत होता, पण खरं बोलणाऱ्याने आजच खरं का बोलावं हे तिला अजून समजत नव्हतं.

वीटवाला जवळ आला. दिराला म्हणाला, "उद्यापासून हजेरी दुसरा लिहील." दीर "बरं" म्हणाला.

कमिशनरबाईने अहवाल वाचून दाखवला. जागा पाहणीच्या आदल्या दिवशी सारवलेली आढळली. कोर्टाची मनाई असताना पृष्ठभाग बदललेला आहे. रस्त्याकडील बाजूस खणले असता...

"थांबा," टिचकीबाई म्हणाली. "सारवलं ते कशाला लिहिलंत?"

"सारवलं होतं ना?"

"हो, पण..."

"मग लिहावं लागतं. खाली निघालं तेही लिहिलंय. निकाल कोर्ट देईल. इथे अंगठा करा."

टिचकीबाईने अंगठा पदरात लपवला. या बाईने त्यांच्याविरुद्धचं न मागता लिहिलं होतं. जी एवढं लिहिते ती वाचून एक दाखवेल आणि कागदावर दुसरंच ठेवेल, तर कोण बघायला आलंय? वकिलावर तिचा भरवसा नव्हता. हेल्मेट काढायला विसरणारा माणूस ओळी विसरायला किती वेळ? घरात अक्षर येणारा एकच होता.

"भाऊजींना वाचू दे."

कमिशनरबाईने दोन्ही वकिलांकडे बघितलं आणि कागद दिराला दिला. त्याने ओले हात फांदीवरच्या शर्टाला पुसले, कागद कडेने धरला आणि हजेरी घ्यावी तसा एकसुरी वाचायला लागला.

टिचकीबाई कागदाकडे बघत नव्हती. तिला त्यातलं काय कळणार? दिराच्या तोंडाकडेही बघत नव्हती. ती वीटवाल्याकडे बघत होती. सारवल्याची ओळ आली तेव्हा त्याने मान डोलावली. मनाईची ओळ आली तेव्हा खालचा ओठ हलला. मग खड्ड्याची खोली आली, राखेचा थर आला, मग मुळाचा घेर.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.

दिराने पहिल्यापासून वाचलं. तीच मान डोलली, तोच ओठ हलला. यावेळी मूळ येण्याआधीच वीटवाला वळला, वकिलाच्या हातातून पिशवी घेतली आणि मोटारसायकलकडे चालू लागला.

दोनदा वाजवलं, आवाज तोच आला. टिचकीबाईने अंगठा शाईवर टेकवला.